निरपेक्ष प्रेक्षक आणि रहस्यकथा : ‘पाठलाग’च्या निमित्ताने

रहस्यप्रधान कथेविषयी आपल्या विद्यापीठीय समीक्षेने पाळलेले मौन हे केवळ दुर्लक्षाचे मौन नव्हे. त्यात संकोचाचाही अंश आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक पुस्तकांतील झुंजार आणि काळा पहाड यांच्या सोबतीने ज्यांनी बालपणीच्या दुपारी घालविल्या, त्यांतील कित्येकजण पुढे अध्यापक झाले. पण वर्गात उभे राहिल्यावर मात्र त्या दुपारींची आठवण त्यांनी कटाक्षाने दूर ठेवली. मराठवाड्यात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. निजामी अमदानीत उर्दूतून शिकलेल्या येथील पिढीला इब्ने सफी यांची १९५२ पासून अलाहाबादेहून निघू लागलेली ‘जासूसी दुनिया’ सहज वाचता येत होती. या वाचनाचा माग आमच्या प्रादेशिक वाङ्मयेतिहासांत सहसा लागत नाही. ज्याची गोडी लागली होती त्याचीच लाज वाटावी, अशी ही स्थिती आहे. तिच्यात प्रस्तुत लेखकाचाही वाटा आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

या लेखाला निमित्त झाले ते मुदखेड येथे घालविलेल्या एका रात्रीचे. एका विद्यार्थ्याच्या घरी काही जुनी हस्तलिखिते असल्याचे कळल्यावरून आम्ही तिघे तेथे गेलो होतो. हस्तलिखिते निघाली ती पंचांगाची आणि हिशेबाची. परतीच्या गाडीला चार तासांचा उशीर असल्याचे कळले. मनमाड–काचीगुडा मार्गावरील हे जंक्शन, येथूनच आदिलाबादचा फाटा फुटतो. तेव्हा गाड्यांची वाट पाहणे हे या गावाच्या अंगवळणी पडलेले आहे. घर फुलशेती करणाऱ्यांचे होते. अंगणात दुसऱ्या दिवशीच्या पाट्या धुऊन उपड्या घातलेल्या होत्या. जेवणे झाल्यावर विद्यार्थ्याच्या धाकट्या भावाने दूरदर्शन संचाला एक पेनड्राइव्ह जोडला आणि कोणालाही काही न विचारता एक चित्रपट सुरू केला. त्या प्रतीची श्रेयनामावली कापली गेली होती. पडद्यावर एकदम कृष्णधवल दृश्य आले, आणि थोड्या वेळाने काशिनाथ घाणेकर. तेवढ्यावरून काळ ओळखता आला, चित्रपट मात्र ओळखता आला नाही. मराठीचा अध्यापक असूनही मी राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) तोवर पाहिलेला नव्हता, आणि त्यावरून राज खोसला यांनी केलेला ‘मेरा साया’ (१९६६) हाही पाहिला नव्हता. ही उणीव त्या रात्री माझ्या पथ्यावर पडली. नाव नाही, कर्ता नाही, कीर्ती नाही आणि कसलीच अपेक्षा नाही, अशा अवस्थेत सलग दोन तास मी एखाद्या शाळकरी मुलाप्रमाणे बसून राहिलो. गाडीची चौकशी करण्याचेही भान राहिले नाही.

या आनंदाचे स्वरूप काय, हा माझा प्रश्न आहे. तो हलका म्हणून सोडून द्यावा काय, हा दुसरा.

अपेक्षा नसणे म्हणजे मन कोरे असणे असा अर्थ घेतला, तर ती गोष्ट अशक्य आहे. घाणेकर दिसताच ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधील संभाजी मनात उभा राहतोच. चेहरा ओळखीचा असणे ही सुद्धा एक अपेक्षाच आहे. परंतु पुढे काय घडणार याविषयीची अपेक्षा आणि हे कोणत्या प्रतीचे असणार याविषयीची अपेक्षा, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली कथेतूनच निर्माण होते व कथाच तिचे नियमन करते. दुसरी प्रेक्षक घरून घेऊन येतो. जाहिरात, पुरस्कार, परीक्षण, स्नेह्याची शिफारस यांनी ती घडविलेली असते, आणि कलाकृतीला तिच्याशी प्रथम हुज्जत घालावी लागते. अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त रसास्वादाची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत आपल्याच सुखदुःखात गुरफटून जाणे हे एक विघ्न आहे. घरून आणलेल्या अपेक्षेची गणना याच विघ्नात करावी असे मला वाटते. अपेक्षा पुरी होते की नाही याचा हिशेब करणारा प्रेक्षक स्वतःकडेच पाहत असतो. माझ्यापुरते म्हणायचे तर, राष्ट्रीय पुरस्कारांत १९६४ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून ‘पाठलाग’ गौरविला गेला होता, हे मला आधी आठवले असते तर मी तो पुरस्कार बरोबर होता की चूक हे ठरविण्यातच रात्र घालविली असती.

१९६४च्या प्रेक्षकाची स्थितीही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘ऊनपाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’ ही परांजपे यांची कमाई होती. त्यांच्या नावावर चित्रगृहात येणाऱ्या माणसाची हसण्याची आणि डोळे पुसण्याची तयारी असे. अंगावर काटा येण्याची नसे. हिंदीत स्थिती नेमकी उलट होती. राज खोसला यांनी ‘सी.आय.डी.’ (१९५६) केला होता, आणि साधना यांनाच घेऊन ‘वह कौन थी?’ (१९६४) केला होता. त्यामुळे ‘मेरा साया’चा प्रेक्षक कोडे सोडविण्याच्याच तयारीने येऊन बसे. हिंदी रूपात उदयपूरचा झगमगाट आहे, मदनमोहन यांचे संगीत आहे, झुमक्याचे ते गाणे आहे. कोडे मात्र आपण कोडे आहोत याची जाणीव बाळगून वावरते. मुदखेडहून परतल्यावर मी तो चित्रपट मुद्दाम पाहिला. त्याला वाईट म्हणता येणार नाही. पण तेथे मला फसवून घेण्याचा आनंद मिळाला नाही. मी केवळ तुलना करीत राहिलो. अर्थात हा दोष खोसलांचा नव्हे.

येथून पुढे कथेची उकल सांगावी लागणार आहे. आपल्या प्रबंधांत पहिल्याच प्रकरणात कथासार देण्याची प्रथा असल्यामुळे संशोधन-पत्रिकेच्या वाचकाला याचे काही वाटणार नाही. तरीही ज्यांनी ‘पाठलाग’ पाहिलेला नाही, त्यांनी हा अंक तूर्त मिटून ठेवावा अशी माझी प्रामाणिक सूचना आहे.

कथेचा सांगाडा असा. पत्नीच्या मृत्यूने खचलेला एक वकील. पोलीस गुन्हेगारांच्या टोळीतील एका स्त्रीला पकडतात, आणि तिचा चेहरा हुबेहूब त्याच्या मृत पत्नीचा असतो. मीच तुमची पत्नी, असे ती सांगते. ज्याने स्वतः पत्नीला अग्नी दिला त्याने यावर विश्वास कसा ठेवावा? प्रकरण न्यायासनासमोर जाते. आरोपी स्त्री संसारातील अशा गोष्टी सांगू लागते की ज्या पतिपत्नींवाचून तिसऱ्याला ठाऊक असणे शक्य नाही. शेवटी उलगडते ते हे की ती खरीच पत्नी आहे, आणि जी मेली ती तिच्यासारखी दिसणारी दुसरी. भावना या अभिनेत्रीने हा सारा भार पेलला आहे. दत्ता डावजेकरांनी बांधलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले, डोळ्यांना पाखरांची उपमा देणारे ते गाणे पतीच्या पाठीशी स्मृतीसारखे लागून राहते. ते ऐकताना ही स्मृती आहे की हाक, हे ठरत नाही.

जयंत देवकुळे यांच्या ज्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे तिचे नाव ‘आशा परत येते’. हे शीर्षक मोठे धीट म्हटले पाहिजे. ‘आशा’ हे स्त्रीचे नाव समजून वाचले तर रहस्य वेष्टनावरच छापलेले आहे. भाववाचक नाम समजून वाचले तर काहीच उघड झालेले नाही. मराठीत नामाच्या आरंभी मोठे अक्षर नसते, म्हणून हा श्लेष मुद्रणातही टिकून राहतो. चित्रपटाने हे नाव बदलले. त्यात निर्मात्यांचा हिशेब असणार. पण नवे नाव नाट्यशास्त्राच्या दृष्टीने अधिक मार्मिक ठरले आहे, मग ते त्यांना अभिप्रेत असो वा नसो. गर्भसंधीचे लक्षण सांगताना भरताने बीजाची प्राप्ती, अप्राप्ती आणि पुनःपुन्हा अन्वेषण यांचा निर्देश केला आहे. गवसलेले हरवते, हरवलेले शोधावे लागते, शोधताना ते पुन्हा क्षणभर दिसते. पाठलाग म्हणतात तो हाच. या संधीशी निगडित अवस्थेला प्राप्त्याशा म्हणतात. म्हणजे कादंबरीचे टाकून दिलेले नावही शास्त्राच्या वाटेने परत आले म्हणावयाचे.

आपल्याकडे रहस्यकथा पश्चिमेकडून आली हे मत सर्वस्वी खोटे नाही. परंतु ‘मृच्छकटिक’ डोळ्यांपुढे असताना ते जरा आवरते घ्यावे लागते. आठव्या अंकात शकार वसंतसेनेचा गळा आवळतो आणि ती मेली असे समजून निघून जातो. नवव्या अंकात न्यायसभा आहे. खून चारुदत्ताने केला असा आरोप आहे. वीरक उद्यानात जाऊन परततो आणि तेथे स्त्रीचे प्रेत असल्याची साक्ष देतो. ते प्रेत दुसऱ्याच, झाड अंगावर पडून मेलेल्या स्त्रीचे आहे. विदूषकाच्या जवळचे दागिने नेमके त्याच क्षणी भूमीवर पडतात आणि निरपराध माणूस दोषी ठरतो. दुसऱ्या स्त्रीचे प्रेत, न्यायालय, मृत समजल्या गेलेल्या नायिकेचे परत येणे — ‘पाठलाग’मधील एवढे सगळे शूद्रकापाशी आहे. देवलांच्या संगीत रूपाने मराठी प्रेक्षक ते पाहत आलेलाच होता.

मात्र एक भेद मूलगामी आहे. शूद्रक प्रेक्षकापासून काहीच लपवीत नाही. भिक्षूने वसंतसेनेला सावध केलेले आपण पाहिलेले असते. वधस्तंभाकडे निघालेल्या चारुदत्ताला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच आपला जीव वरखाली होतो. हिचकॉकने त्रुफोशी झालेल्या आपल्या प्रसिद्ध संवादात टेबलाखालच्या बाँबचे उदाहरण देऊन हाच मुद्दा मांडला आहे. बाँब आहे हे प्रेक्षकाला आधी कळले तर उत्कंठा, न कळता फुटला तर क्षणभराचे दचकणे. आपल्या ‘व्हर्टिगो’त (१९५८) तो याच तत्त्वाला जागला. तेथेही मृत समजलेल्या स्त्रीसारखीच दुसरी स्त्री आहे. मूळ फ्रेंच कादंबरी अखेरपर्यंत जे झाकून ठेवते, ते हिचकॉक चित्रपट संपण्याच्या बऱ्याच आधी प्रेक्षकाला सांगून टाकतो. परांजपे यांनी दुसरा मार्ग घेतला. ‘पाठलाग’मध्ये पतीइतकेच प्रेक्षकालाही ठाऊक असते, त्याहून कणभर अधिक नाही.

आता अभिनवगुप्तांच्या सातव्या विघ्नाकडे येऊ. ते आहे संशययोग. येथे संशय म्हणजे पुढे काय होणार याविषयीचा नव्हे. एकाच विभावापासून वा अनुभावापासून अनेक स्थायींची शक्यता असते, तेव्हा कोणता स्थायी मानावा हा संशय. अश्रू आनंदाचे असतील किंवा डोळ्यांच्या विकाराचे. वाघ पाहून भय वाटेल किंवा क्रोधही येईल. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी एकत्र आले की हा संशय फिटतो. बंधुनाश हा विभाव, रुदन हा अनुभाव, दैन्य-चिंता हे व्यभिचारी असले तर शोकच असला पाहिजे. हे विवेचन नाटकाला लागू पडते ते वस्तुस्थिती निश्चित असते म्हणून. ‘पाठलाग’मधील आरोपी स्त्री न्यायालयात रडते तेव्हा तिचे अश्रू कोणते? ती पत्नी असेल तर ते करुणाचे आलंबन. ती तोतया असेल तर ते कपट, आणि आपल्या मनात उठावयाची ती सावधता. अनुभाव तोच, चेहरा तोच, अभिनयही दोन्ही अर्थांना पुरेल असा तोलून केलेला. घटनेविषयीचा संशय येथे भावाविषयीचा संशय बनतो. शास्त्राप्रमाणे पाहता हे विघ्न प्रारंभापासून उकलीपर्यंत प्रेक्षकाच्या मानेवर बसलेले आहे आणि रसनिष्पत्ती अशक्य आहे. मग मी दोन तास जे अनुभविले ते काय?

त्याला रस म्हणावे असा आग्रह मी धरणार नाही. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) उत्कंठेला तंत्रात मानाचे स्थान दिले. त्यानंतर मर्ढेकरांच्या प्रभावाखालील समीक्षेने तंत्र हा शब्दच बाजूला सारला. या दोन टोकांमध्ये कुतूहल अनाथ झाले. फडक्यांनी त्याला वाचकाला धरून ठेवणारा गळ मानले. नंतरच्यांनी ते मनोरंजनाच्या खात्यावर टाकले. माझा अनुभव असा की निरपेक्ष मनाचे कुतूहल ही गळाला लागलेल्या माशाची तडफड नव्हे. ती एक प्रकारची दक्षता आहे. एरवी पडद्यावरील मंगळसूत्र, दाराची कडी, एखाद्या वाक्यातील अडखळणे यांकडे मी इतके निरखून कधीच पाहिले नसते. संशयामुळे प्रत्येक वस्तू साक्षीदार झाली होती. काव्य वाचताना प्रत्येक शब्दाकडे अशाच दक्षतेने पाहा, असे आपण विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगतो आणि ते पाहत नाहीत. फुले तोडणाऱ्या त्या घरातील मुलगा मात्र पेनड्राइव्हवरील एका जुन्या चित्रपटाकडे तसे पाहत होता.

हे एवढ्यावर संपले असते तर मी रहस्यकथेची वकिली करून थांबलो असतो. पण त्या खोलीत आणखी एक प्रेक्षक होता. विद्यार्थ्याच्या आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. न्यायालयाच्या प्रसंगी आम्ही सारे त्या स्त्रीला पकडण्याच्या तयारीत पुढे सरकलो असताना त्यांनी पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला. वयामुळे डोळ्यांतून पाणी येत असेल असे मला वाटले. म्हणजे अभिनवगुप्तांचे उदाहरण माझ्या शेजारी बसले होते आणि मी नेमका चुकीचा पर्याय निवडला! चित्रपट संपल्यावर त्या म्हणाल्या, “मला ठाऊक व्हतं सर. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नांदेडला सासूबाईसंगं हिंदीत बघितलाव ह्योच पिच्चर. नवरा वळखीना म्हणून किती रडले व्हते तवा.” नातवाने रागावून विचारले, मग आधी का नाही सांगितले? त्यावर त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुमी बघितलं असतं का?”

आमच्या दृष्टीने ती स्त्री कोडे होती. आजींच्या दृष्टीने ती पहिल्यापासून पत्नी होती. आम्ही पुरावा तपासत होतो, त्या अन्याय पाहत होत्या. संशययोगाचे विघ्न त्यांना नव्हतेच, म्हणून करुणाचा आस्वाद त्या घरात एकट्या त्यांनाच मिळाला. मी दुसऱ्यांदा ‘पाठलाग’ पाहिला तेव्हा हे पटले. दुसऱ्या खेपेस कोडे संपलेले असते आणि त्याखाली दडलेली गोष्ट वर येते. एका स्त्रीला, मी मीच आहे, हे भर न्यायालयात सिद्ध करावे लागते. तिचा स्वतःचा शब्द पुरत नाही. संसारातील एकान्त साक्षीदारांसमोर मांडला तरीही तो पुरत नाही. पतीने ओळखले तर ती आहे, न ओळखले तर ती टोळीतली. दिग्दर्शकाने हा प्रश्न उघडपणे विचारलेला नाही, आणि ही त्याची मर्यादा म्हणून नोंदविली पाहिजे. उकल होताच पतीच्या अविश्वासाचा विषय गुंडाळला जातो, जणू त्यात क्षमा मागण्याजोगे काही नव्हतेच. भरताने निर्वहणात अद्भुताची योजना सांगितली आहे. तिचा असाही उपयोग होऊ शकतो की आश्चर्याच्या भरात हिशेब विसरला जावा.

याविषयी मी त्या रात्रीच काही बोलू लागलो, तेव्हा विद्यार्थ्याची आई हसून म्हणाली, “ती वकिलाची बायको व्हती तरी. आमच्या अत्याबाईला इचारा.” मग कळले ते असे. कुठल्याशा मदतीसाठी आजींचे कागद पाहण्यात आले. जुन्या कागदावर माहेरचे नाव, नव्यावर सासरचे, तिसऱ्यावर कोणा लेखनिकाने ऐकून लिहिलेले तिसरेच. बोटांचे ठसे घ्यावेत तर गुलाबाचे काटे आणि पाण्याची कामे यांत पन्नास वर्षे गेल्याने रेषा उरलेल्या नाहीत. यंत्राला त्या ओळखू येत नाहीत. ओळख पटविण्यासाठी पतीची सही आणावी, असे त्यांना एका खिडकीवर सांगण्यात आले. पती जाऊन बारा वर्षे झाली होती. आजी हे सांगताना मात्र मुळीच रडल्या नाहीत; उलट खिडकीमागच्या माणसाची हुबेहूब नक्कल करून त्यांनी सगळ्यांना हसविले.

पहिल्या पाहण्यातील कुतूहल आणि दुसऱ्या पाहण्यातील करुण यांत श्रेष्ठ कोण, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. पहिले नसते तर माझ्यासारखा मनुष्य दुसऱ्याकडे वळलाच नसता, एवढे मी निश्चित सांगू शकतो. उकल आधीच सांगून चित्रपट दाखविला असता, तर पहिल्या दहा मिनिटांत मी संभाव्यतेच्या उणिवा काढू लागलो असतो, आणि त्या पुष्कळ आहेत. शिवाय त्या स्त्रीवर मी स्वतः अविश्वास ठेवला होता, ही गोष्ट दुसऱ्या खेपेस बोचली. ज्याला आधीपासून सर्व ठाऊक असते, त्याच्या वाट्याला ही बोचणी येत नाही. आजी निर्दोष होत्या. मी न्यायालयातील त्या गर्दीत बसलेला होतो. शूद्रकाच्या प्रेक्षकाला हे कधीच अनुभवता येत नाही, कारण चारुदत्त निर्दोष आहे हे तो पहिल्यापासून जाणतो. सत्य झाकून ठेवणाऱ्या कथेचे म्हणून काही स्वतंत्र सामर्थ्य असेल, तर ते मला येथे दिसते. रसविघ्नांच्या चर्चेत त्याची सोय कशी लावायची हे मला अद्याप उमगलेले नाही. नरहर कुरुंदकर नांदेडात असते तर हा प्रश्न घेऊन मी प्रथम त्यांच्याकडे गेलो असतो, आणि बहुधा चांगलाच फटकारला गेलो असतो.

गाडी पावणेतीनला आली. आम्ही निघालो तेव्हा त्या घरातील स्त्रिया बॅटऱ्या घेऊन मोगऱ्याच्या वाफ्यांकडे निघाल्या होत्या, आणि धाकटा मुलगा आजीला विचारीत होता की ती दुसरी बाई घरात शिरली तो प्रसंग पहिल्यांदा पाहताना तुला कळला होता का. आजी म्हणाल्या, “न्हाई की. म्या बी तुज्यासारखीच फसले व्हते.”